हन्नाबाई आणि चारशे लहरी

हन्नाबाई उजागरे यांना पसारा खपत नसे. चपला आडव्यातिडव्या काढल्या म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या भावाला ओट्यावर बसवून जेवायला वाढलं होतं. अशा बाईंच्या मागच्या दोन खोल्या गोरक्षनाथाने भाड्याने घेतल्या आणि तिथे तारा, पत्र्याचे तुकडे आणि डागकामाचा धूर सुरू केला. हा पोरगा महिनाभरही टिकायचा नाही, अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. तो टिकला. नुसता टिकला नाही, तर वर्षभरात बाईच त्याच्या खोलीत कामाला येऊन बसल्या.

बाईंनी नगरला मुलींच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती कुणाची झाली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. बाईंचा देवधर्म रविवारी सकाळी चर्चमध्ये आधीपासूनच पक्का होता, त्यामुळे बाकीचे सहा दिवस त्यांना खायला उठायचे. गोड खाण्याची आवड दांडगी, आवाज खणखणीत आणि स्वतःच्या अक्षराचा गर्व इतका, की वाण्याची यादीसुद्धा त्या फळ्यावर लिहिल्यासारखी लिहायच्या.

गोरक्षनाथ मूळचा कोल्हारचा. पुण्याला विजेच्या शाखेचा इंजिनिअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि सोडून नगरला आला. घरच्यांनी डोक्याला हात लावला. पण त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली होती, आणि त्या गोष्टीचं मूळ होतं त्याच्या मावशीच्या, छबूबाईच्या विहिरीवर.

विहिरीवरची मोटार तीन तारांवर चालते. तिन्हीतली एक तार मुकी झाली, म्हणजे एक फेज गेला, तर मोटार बंद पडत नाही. बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती उरलेल्या दोन तारांवर कण्हत कुंथत चालू राहते, तापते आणि बघता बघता आतलं वायंडिंग जळून कोळसा होतं. छबूबाईची मोटार अशी दोनदा जळाली होती. विधवा बाई, पोटी मूल नाही, स्वतःच्या हाताने लावलेली पेरूची बाग हेच तिचं सगळं. त्यात त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळाने लोक खडी फोडायला लागलेले, आणि छबूबाईच्या विहिरीला दिवसाकाठी तास-दोन तासांचं पाणी. दुसऱ्यांदा मोटार जळाली तेव्हा ती दुरुस्त होऊन येईपर्यंत अर्धी बाग वाळून गेली. उरलेली अर्धी आता त्या मोटारीच्याच जिवावर होती. तिसऱ्यांदा मोटार जळाली की ती झाडं सरपणाला जाणार, हे मावशीला ठाऊक होतं आणि गोरक्षलाही.

म्हणून तो एक पेटी बनवत होता. वीतभर लांबीची, पत्र्याची. एखादा फेज गेला की पेटीतल्या विजेची एक लहर उठायची, ठरलेल्या उंचीपर्यंत चढायची आणि खट्‌दिशी मोटार बंद करायची. टेबलावर ही पेटी झकास चालली. मग गोरक्षने तशाच दहा केल्या, आणि त्यातल्या तीन ढिम्म हलल्या नाहीत.

"सगळं सारखं जोडलंय, तरी असं का रे?" बाईंनी दारात उभं राहून विचारलं होतं. तोवर त्या फक्त भाडं मागायला आणि नावं ठेवायला यायच्या.

"भाग सारखे नसतात, बाई. शंभर म्हणून घेतलेला रेझिस्टन्स कधी ऐंशी भरतो, कधी एकशे वीस. कंडेन्सरचं तर बोलायलाच नको. शिवाय उन्हाने तापले की आणखी सरकतात. कुठल्या पेटीत कसली मोळी जमेल, काय सांगावं?"

"मग पुष्कळ पेट्या करून बघायच्या."

"चारशे करू? खिशात चहाला पैसे नाहीत."

बाईंनी घरात जाऊन मुंबईला विल्सनला पत्र टाकलं. विल्सन त्यांचा भाचा. तो एका मोठ्या संस्थेत कॉम्प्युटरच्या विभागात कामाला होता, म्हणजे खोलीएवढ्या मशीनला भोकं पाडलेली कार्डं भरवायचा. त्याने कळवलं, जोडणी पाठवा, सणासुदीच्या मोठ्या सुट्टीत मशीन रिकामं असतं. प्रत्येक भागाची किंमत कुठून कुठपर्यंत घसरू शकते तेवढं सांगा. चिठ्ठ्या उचलाव्यात तशा मशीन त्या हद्दीतल्या किमती उचलेल, एक पेटी मनातल्या मनात जुळवेल, तिची लहर काढेल, पुन्हा नव्या चिठ्ठ्या उचलेल. अशा चारशे पेट्या, एकीलाही डाग न देता!

महिन्याभराने एस.टी.च्या पार्सलमधून गठ्ठा आला. गठ्ठा कसला, पेटाराच. एकाला एक जोडलेली रुंद पानं, कडेला भोकं, आणि प्रत्येक पानावर चांदणीसारख्या बारीक खुणांनी वरून खाली उतरत गेलेली एक लहर; पान आडवं धरलं की ती चढताना दिसायची. गोरक्षने हावऱ्यासारखा गठ्ठा सोडला. संध्याकाळपर्यंत पानं खाटेवर, खाटेखाली, ओट्यावर पसरली होती, आणि एक तर वाऱ्याने जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यात पडलं होतं. दिवसभर डोळे फोडून त्याला एवढंच कळलं की लहरी पुष्कळ आहेत.

"हे काय मांडलंयस?" बाईंचा आवाज.

"लहरी आहेत, बाई. चारशे."

"मग किनाऱ्याला लाव की त्यांना! एका लहरीकडे बघताना दुसरी विसरतोस. वर्गात चारशे पोरी सोडल्या आणि हजेरी नाही घेतली तर काय होईल?"

आणि बाईंनी पदर खोचला. त्या दिवसापासून ती खोली गोरक्षची राहिली नाही.

त्यांनी जुन्या खिडकीची मोठी काच काढून दोन ट्रंकांवर ठेवली आणि खाली दिवा लावला. काचेवर छापील पान, त्यावर बटरपेपर. खालून उजेड आला की लहर स्वच्छ वर उमटायची, ती पेन्सिलीने गिरवायची. एका बटरपेपरवर दहा लहरी, एकावर एक. कोपऱ्यात क्रमांक, बाईंच्या त्या जगप्रसिद्ध अक्षरात. गिरवून झालेला कागद दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने लटकवायचा, आणि छापील पानं क्रमाने ट्रंकेत. असे दहा कागद झाले की ते एकमेकांवर ठेवून शंभर लहरी एकदम बघायच्या. गोरक्षकडे डागकाम करणारी बनुबाई होती, तिचा हात रांगोळीत बसलेला. गिरवण्यात ती बाईंनाही मागे टाकायची. एकच अडचण होती. पानं काचेपेक्षा मोठी होती, कडा लोंबायच्या आणि कागद सरकायचा.

"ह्या काठांचं काय काम इथे?" बाई म्हणाल्या. "बनू, भोकांच्या पट्ट्या काप, वरची पट्टी पण काप. सगळी पानं काचेएवढी कर."

बनुबाईने कात्री चालवली. कापलेले काठ तिने घरी नेले. चांगला कागद कुणी टाकतं का?

आणि काय सांगावं, लहरी अशा काही जुळल्या की गोरक्षला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. दहाच्या दहा, मग शंभराच्या शंभर, सगळ्यांची शेंडी एकाच रेघेला टेकलेली. भाग कसेही येवोत, लहर आपली पुरी उंची गाठते! मग त्या तीन पेट्या नुसत्या कच्च्या डागाने अडल्या असणार. आपल्या जोडणीतच अशी काही करामत आहे असं त्याला वाटलं आणि त्याची छाती फुगली. पावशेर पेढे आणून त्याने बाईंच्या आणि बनुबाईच्या हातावर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने एक पेटी घेऊन कोल्हार गाठलं.

मावशीच्या मोटारीला त्याने पेटी जोडली. सकाळी आठच्या सुमारास, तिच्यादेखत, एका तारेचा फ्यूज उपसला. खट्‌! मोटार बंद. मावशीने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आता म्या मोटारीपाशी बसायचं न्हाई?"

"नाही मावशी. तू खुशाल झाडांत जाऊन दारं धर. पेटी बसलीय राखणीला."

मावशीची खरी ओढाताण तीच होती. पाणी चालू असताना तिला फावडं घेऊन झाडाझाडाशी जावं लागे; एका आळ्याचं पाणी तोडून दुसऱ्यात सोडायचं. मोटार तिकडे लांब कण्हायला लागली तर ऐकू यायची नाही. एकटं माणूस दोन्हीकडे कसं पुरणार?

इकडे नगरला हन्नाबाई मात्र खूश नव्हत्या. पेढा त्यांनी खाल्ला, तोही दोनदा, पण तोंडावर समाधान नव्हतं. दोरीवरचे कागद काढायच्या, काचेवर ठेवायच्या, पुन्हा लटकवायच्या.

"काय बिघडलं बाई?" गोरक्षने परतल्यावर विचारलं.

"गोरक्ष, इतकी वर्षं मी पेपर तपासले. वर्गातल्या सगळ्या पोरींना सारखे मार्क पडले, तर मी पोरींचं कौतुक नाही करत. पेपर कुठे फुटला ते शोधते."

"म्हणजे?"

"चारशे लहरी आणि एकीचीही शेंडी केसभर वरखाली नाही? तूच म्हणालास, रेझिस्टन्स ऐंशीही भरतो आणि एकशे वीसही. मग फरक गेला कुठे?"

गोरक्षला राग आला. आनंदावर पाणी पडलं की माणसाला येतो तसा. त्याने उरलेला गठ्ठाच बाईंपुढे ओढला. गठ्ठ्यातली शेवटची काही पानं अजून कापायची राहिली होती. बाईंनी ती आख्खी पानं उजेडात धरली. सगळ्यात वर, जिथे बनुबाईची कात्री चालायची तिथे, बारीक अक्षरात एक आकडा होता. पुढच्या पानावर दुसरा. त्याच्या पुढच्या पानावर तिसराच.

बाईंनी तिन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली आणि त्यांना उमगलं. मशीनने प्रत्येक लहर पानाच्या रुंदीत बसेल अशी आखली होती. बुटकी असेल तिला ताणून, ताडमाड असेल तिला दाबून. म्हणून सगळ्यांच्या शेंड्या एकाच रेघेला टेकत होत्या. कुणाला किती ताणलं, किती दाबलं, ते वरच्या आकड्यात लिहिलं होतं, आणि तो आकडाच त्यांनी काठ म्हणून कापून टाकला होता!

"बनू, ते काठ कुठायत?"

बनुबाईला काही उमगेना. ती घरी जाऊन एक टोपली घेऊन आली. कागद भिजवून, मेथ्या घालून कुटून, घमेल्यावर थापून वाळवलेली. "धान्याला केली, बाई. लई घट्ट झालीया. तुमाला पायजे का?"

चारशेतले बहुतेक सगळे आकडे त्या टोपलीत होते. गोरक्षने तिला हात लावला, वास घेतला आणि ओट्यावर जाऊन डोकं धरून बसला. विल्सनला पुन्हा मशीन मिळायचं तर दिवाळी उजाडणार होती. आणि त्या घडीला मावशी, पेटीवर भरवसा टाकून, लांब झाडांत दारं धरत असणार.

"ए," आतून बाईंनी हाक मारली. "कापायला मी सांगितलं. डोकं मी धरायचं की तू? आत ये, मला एक सांग. फेज जायच्या आधी ही लहर कुठे असते?"

"कुठे म्हणजे? ठरलेल्या पातळीवर उभी असते, निवांत. फेज गेला की चढायला लागते."

"ती पातळी कुठल्या भागावर अवलंबून आहे?"

"कुठल्याच नाही. ती मी बांधून दिलीय. चारशेंत एकच."

"मग ह्या कागदांवर ती वेगवेगळी का दिसते?"

गोरक्ष उठून आला. खरंच, शेंड्या जुळल्याच्या आनंदात कुणी सुरुवातीकडे नीट बघितलंच नव्हतं. प्रत्येक लहर सुरू व्हायची ती थोड्या वेगळ्या उंचीवरून. शेंड्या एका ओळीत आणि पाय मात्र वरखाली.

"पायाची उंची खरी एकच आहे," बाई सावकाश, फळ्यासमोर बोलल्यासारख्या बोलत होत्या. "ज्या पानावर पाय उंच दिसतो, ती लहर मशीनने जास्त ताणलीय. म्हणजे ती मुळात बुटकी. जिथे पाय खाली, ती मुळात उंच. पट्टीने पाय मोज, त्रैराशिक मांड, शेंडीची खरी उंची हातात. आकडा टोपलीत गेला तर गेला."

न कापलेल्या पानांवर त्यांनी हे करून बघितलं. पट्टी लावली, हिशोब केला आणि मग वरचा छापील आकडा बघितला. तंतोतंत! गोरक्षला वाटलं, ह्या बाईंच्या पायावर डोकं ठेवावं. पण बाईंना असली नाटकं आवडायची नाहीत, म्हणून त्याने पट्टी उचलली.

चारशेच्या चारशे लहरी पुन्हा मोजल्या, पुन्हा आखल्या. बाई मोजायच्या, गोरक्ष हिशोब करायचा, बनुबाई गिरवायची. पहिल्या खेपेला एका रेघेवर दाटून बसलेली ती चळत आता मोकळ्या सुटलेल्या खराट्यासारखी फाकली. वरच्या लहरी दणदणीत होत्या, मधल्या बऱ्या होत्या. आणि तळाशी एक झुबका होता, ज्याची शेंडी मोटार बंद पाडायच्या रेघेपर्यंत पोचतच नव्हती.

"सरासरी तरी चांगलीच वर आहे," गोरक्ष क्षीण आवाजात म्हणाला.

"वर्गाची सरासरी काढून नापास पोरीच्या घरी कुणी पेढे वाटत नाही. ह्या तळाच्या लहरी बाजूला काढ. ह्यांचा वेगळा कागद, लाल पेन्सिलीने. तुझी पेटी ह्यातल्या सगळ्यात लंगड्या लहरीला पुरली पाहिजे. बाकीच्या आपोआप निभावतील."

गोरक्षला ते पटलं. एक ट्रान्झिस्टर वाढवला, त्याच्या आसपासचे दोन भाग बदलले, तर लंगडी लहरही रेघ ओलांडेल. पण तो माल पुण्याहून आणावा लागणार होता. तो यादी करायला बसला, तोच बाईंनी विचारलं, "मावशीची पेटी ह्या कागदांत कुठे बसते?"

"ती मी तपासून लावलीय, बाई. माझ्या हाताने फ्यूज उपसला."

"किती वाजता?"

"सकाळी आठ-साडेआठ..." आणि बोलता बोलता त्याने यादीची पेन्सिल खाली ठेवली. सकाळच्या गारव्यात जेमतेम रेघ गाठणारी लहर मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याच्या पेटीत, कुठवर चढणार?

बाईंनी छत्री काढली. "चल."

कोल्हारला उतरून मळ्यात पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. मोटार सुरू होती, मावशी लांब झाडांत. बाईंना बघून ती फावडं टाकून लगबगीने आली. गोरक्षने थोडक्यात सगळं सांगितलं आणि पेटीला हात लावला. चटका बसला. बाई मेन स्विचच्या खटक्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"उपस फ्यूज."

त्याने उपसला. मोटारीचा सूर बदलला. मघाचा मोकळा आवाज जाऊन ती घुमायला लागली, जनावर कण्हतं तशी. सगळे पेटीकडे बघत राहिले. पेटी गप्प होती. मग बाईंनी दोन्ही हातांनी खटका ओढला आणि मोटार थांबली.

मावशी आधी मोटारीपाशी गेली, लेकराचा ताप बघावा तसा तिच्यावर हात ठेवला. मग वळली.

"गोरख्या, तुज्या पेटीच्या भरवशावर म्या इतके दिस मोटारीकडं वळून पघितलं न्हाई रं! एखांदा फेज गेला असता म्हंजी?"

गोरक्ष ती पेटी सोडवायला लागला. तेवढ्यात हन्नाबाई म्हणाल्या, "त्याचं एकट्याचं नाही. चूक माझ्या खोलीत झाली. नवी पेटी होईल, पण माल यायला दिवस लागतील. तोवर मोटार बंद ठेवता येईल का?"

"न्हाई जमायचं, बाई. ही झाडं आट दिस बी तग धरायची न्हाईत. आन म्या हितं बसले तर पानी कोन देनार?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं. विहिरीच्या कडेला एक उलटी ठेवलेली लाकडी पेटी होती, फळांची. ती त्यांनी ओढून खटक्याजवळ आणली, पदराने पुसली आणि छत्री उघडून तिच्यावर बसल्या.

"तुम्ही पाणी द्या. मी बसते."

"बाई, तुमी? ह्या उनात?"

"गोरक्ष, तू नगरला जा. बनुबाईला सांग, माझ्या कोंबड्यांना दाणे टाक. आणि घाई करू नकोस. घाईने काय होतं ते बघितलं आपण."

गोरक्ष एस.टी.त बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बाईच होत्या. साठीला टेकलेली बाई, जन्मभर सावलीत खडू धरलेला हात, आणि ती एका तापल्या खटक्याशी राखण करत बसलीय. पेटीने जे काम करायचं ते आता ती करणार. तो पुण्याला गेला, माल आणला, आणि कधी नव्हे इतक्या सबुरीने कामाला बसला. नवी पेटी झाल्यावर तिच्यातले चांगले भाग काढून मुद्दाम सगळ्यात हलके भाग घातले, चुलीशेजारी ठेवून ती तापवली आणि लाल पेन्सिलीच्या कागदाशी ताडून बघितली. त्या लंगड्यातल्या लंगड्या लहरीनेही रेघ ओलांडली. तेव्हा कुठे त्याने ती पेटी पिशवीत घातली.

मळ्यात पोचला तेव्हा पुन्हा भर दुपार होती. बाई त्याच जागी होत्या. चेहरा उन्हाने रापलेला, ओठ फुटलेले, डोळे तारवटलेले, पण लुगड्याच्या निऱ्या जागच्या जागी. एक हात छत्रीच्या दांड्यावर, दुसरा खटक्यावर.

मावशीने त्याला बाजूला घेतलं. "तुज्या बाईनी काय केलं, ठावं हाय का? ऐतवारी त्यांची पारथना असती म्हनं. म्या म्हनलं, जा, तेवढा येळ मोटार बंद ठिवू. तर म्हनल्या, झाडांना ऐतवार कळत न्हाई. हितंच बसून गानी म्हनल्या त्यांच्या द्येवाची, हळूहळू. आन त्याच दिशी फेज गेला बघ. म्या तिकडल्या टोकाला. मला काय बी कळलं न्हाई. पानी का थांबलं म्हून आले, तर ह्या खटका वढून बसलेल्या. म्हनल्या, सूर बदलला. निसता सूर बदलला, आन मोटार गरम बी हुऊ दिली न्हाई!" मावशीने डोळे पुसले. "हिरीत पानी साचलं की रातच्याला बी मोटार लावावी लागती; मोटार चालू असंस्तवर ही बाई पापनी मिटत न्हाई. त्या आवाजानं आपल्याला पेंग येती, तर ह्या पाढे म्हनत्यात."

गोरक्षने पेटी जोडली. बाई उठल्या नाहीत, खटक्यावरचा हातही काढला नाही.

"तापू दे तिला आधी," त्या म्हणाल्या.

पेटी उन्हात ठेवून ते थांबले. पत्रा चटके देण्याजोगा झाल्यावर बाईंनी मान हलवली. गोरक्षने पहिल्या तारेचा फ्यूज उपसला. मोटारीने सूर बदलायला आणि पेटीने खट्‌ करायला जणू एकच गाठ पडली. बाईंच्या हाताला खटका ओढायची वेळच आली नाही.

"दुसरा."

खट्‌.

"तिसरा."

खट्‌.

"पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या, आणि त्याने पुन्हा तिन्ही केले. मग त्यांनी मावशीलाही करायला लावलं. मावशीने भीत भीत, तोंड दुसरीकडे करून फ्यूज उपसला आणि पेटीने तिचंही ऐकलं. बागेत वाफ्याच्या कडेला पाणी खोळंबलं होतं. मावशीने मोटार सुरू केली आणि फावडं उचललं.

गोरक्ष बाईंच्या तोंडाकडे बघत उभा होता. काहीतरी बोलतील, रागावतील, निदान अक्षर चांगलं काढ म्हणतील. बाईंनी छत्री मिटली. खटक्यावरचा हात काढून त्याची बोटं दोनचारदा उघडली-मिटली, ती आखडली होती. मग त्या उठल्या आणि जवळच्या पेरूच्या झाडाखाली गेल्या. तिथे मावशीचं गोणपाट अंथरलेलं होतं. बाई मोटारीकडे पाठ करून त्याच्यावर कलंडल्या आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

गोरक्ष दोन पावलं पुढे झाला. त्याला सांगायचं होतं, बाई, दिवाळीपर्यंत अशा पन्नास पेट्या करू, तुमचा लाल कागद भिंतीला लावू, तुम्ही नसता तर... पण मावशीने लांबूनच ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. झाडांच्या बुंध्यांशी पाणी पोचत होतं. मोटार चालू होती, आणि हन्नाबाई गाढ झोपल्या होत्या.